अंगणातली सूर्यचूल

माझ्या नवऱ्याने अख्ख्या गावाचा स्वयंपाक उन्हावर करायचं ठरवलं आणि त्यासाठी आधी आमच्या घरातलं सगळं ऊन घेतलं.

जळगावहून आणलेले आरशांचे तुकडे चिकटवलेली, बैलगाडीच्या चाकाहून मोठी अशी ती सूर्यचुलीची थाळी अंगणाच्या बरोबर मधोमध बसली. दोरीवर कपडे टाकायचे नाहीत, थाळीवर सावली पडते म्हणे! (सावली माझ्या परकराची. शास्त्राला तेवढीही सोसत नाही.) उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या वाळत घालायच्या आत ही ब्याद गावाच्या सभागृहाच्या आवारात गेली नाही, तर मी माहेरी जाईन, असं मी यांना स्वच्छ सांगितलं.

सभागृहासाठी घ्यायची की नाही, हे गावातले वडीलधारे आबा ठरवणार होते. म्हणून त्यांना भरताचं जेवण. यांनी थाळीच्या मधल्या जाळीवर वांगी ठेवली आणि खरंच, लोण्यासारखी मऊ झाली. मी कांद्याची पात, मिरच्या घालून भरीत घोटलं. आबांनी घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. आता भरतात चावण्यासारखं असतं काय?

"बठ्ठं चांगलं शे," ते म्हणाले, "पन धूर कोठे शे?"

झालं! आमच्याकडे भरीत कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. बिनधुराचं भरीत म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. हे मात्र आबांना ऊन किती स्वच्छ असतं ते समजावत बसले. माझं अंगण हातचं चाललं होतं हो! माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यातली काड्यांची मोळी उचलली आणि जाळीवर आदळली.

"घ्या धूर!"

काड्यांनी भसकन पेट घेतला. काडेपेटी नाही, रॉकेल नाही, फुंकर नाही. आबा ताटावरून उठले, उरलेली वांगी स्वतःच्या हाताने जाळात टाकली, पुन्हा जेवले आणि निकाल दिला: यंत्र उत्तम आहे, काड्या पेटवायला. पण धुराने सभागृहाचा रंग जाईल, तेव्हा ते इथेच राहू दे, गाव येईल.

आणि गाव येतं! आता प्रत्येक भरीत पार्टीची वांगी माझ्या अंगणात भाजतात आणि माझ्या साड्यांना बारा महिने भरताचा वास येतो. शेवटी मी बॅग भरली. तर यांनी थाळीच्या मागे मोठ्या अक्षरांत माझं नाव रंगवून ठेवलेलं, शोध लावणारी म्हणून. आता स्वतःच्याच शोधावर रुसून आले, असं माहेरी कुठल्या तोंडाने सांगू?