आजारी नसताना दवाखान्यात नाव घालणं

बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांना सदुसष्टावं लागलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी इथं परदेशात शिकायला आले ती इथलीच झाले. नोकरी, लग्न, मुलगी, पोरिरुआ शहरात चढावरचं छोटं घर. बाबांचा रेसिडेंट व्हिसा व्हायला इतकी वर्षं लागली की तो आला तेव्हा आनंदाच्या आधी मला धास्तीच वाटली. अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं औषधं दिली होती. लोक त्यांना कंपाउंडर म्हणायचे आणि ते दर वेळी न रागावता दुरुस्त करायचे, "फार्मासिस्ट." असा माणूस इथं दिवसभर करणार काय, हा माझा घोर होता. प्रत्यक्षात त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमचं औषधांचं कपाट आवरलं, मुदत संपलेल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि माझ्या नवऱ्याला खोकल्याच्या औषधावर दहा मिनिटं ऐकवलं.

त्याच आठवड्यात मी त्यांना उताराखालच्या दवाखान्यात घेऊन गेले. इथं घराजवळच्या एका डॉक्टरकडे आपलं नाव घालून ठेवायचं असतं. मग तो आपला डॉक्टर. फी कमी, नर्स ओळखीची, चिठ्ठ्या वेळेवर. काउंटरवरच्या बाईनं फॉर्म दिला आणि म्हणाली, "आत्ता जागा आहे. लवकर आणून द्या."

बाबांनी तो फॉर्म घरी आणून पेन्सिल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं, बाबा. इथं आधी नाव घालायचं. मग लागेल तेव्हा जायचं."

"मग लागेल तेव्हा घालू."

"आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या?"

"तीन महिन्यांच्या आणल्यात. त्याहून जास्त आणूच देत नाहीत. पुढच्या तुझा मामेभाऊ येईल तेव्हा आणेल."

मला वाटलं, नवीन जागा आहे, सवय होईल. पण पुढं एकदा खाडीकाठी फिरताना मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ते चालता चालता थांबले.

"हे बघ बेटा. मी या देशात एक दिवस काम केलेलं नाही. इथल्या सरकारला एक पैसा दिलेला नाही. मी खिडकीच्या आत उभा राहिलेला माणूस आहे. रांगेत कोण गरजेनं उभं असतं आणि कोण फुकट मिळतंय म्हणून, ते मला चेहऱ्यावरून कळायचं. मला त्या दुसऱ्या लोकांत जायचं नाही."

"पण तुम्हाला हक्क आहे त्याचा. तुम्ही रेसिडेंट आहात."

"कागदावर," ते म्हणाले, आणि पाण्यातल्या बदकांकडे बघू लागले.

खरं सांगायचं तर मीही फार आग्रह धरला नाही. ऑफिस, मुलीची शाळा, तिचे स्विमिंगचे कपडे, रोजचा डबा यांत तो फॉर्म खाली खाली जात राहिला.

मग काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर अमेरिकेत नोकरी करून निवृत्त झालेले. ते बाबांपेक्षा एकच वर्षानं लहान, पण बाबांशी अजून शाळकरी मुलासारखे बोलतात. त्या दिवशी मात्र आवाज उतरलेला होता. त्यांच्याकडे पासष्टी आली की औषधांच्या सरकारी योजनेत ठरलेल्या मुदतीत नाव घालायचं असतं. काका तेव्हा साधी डोकेदुखीची गोळीही घेत नव्हते, म्हणून त्यांनी घातलं नाही. आता शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, योजनेत नाव घालायला गेले, तर उशिराचा दंड लागला. आणि तो एकदा भरून सुटका नाही, दर महिन्याच्या हप्त्यावर थोडा थोडा, ती योजना आहे तोवर.

"दादा, तू माझ्यासारखं करू नकोस," काका म्हणाले. "तब्येत चांगली आहे ना, तेव्हाच घालायचं असतं ते."

फोन ठेवल्यावर बाबांनी मला इथले नियम बघायला लावले. मी बघितले. असा दंड इथं नाही. उलट पासष्टच्या पुढच्यांना चिठ्ठीवरच्या नेहमीच्या औषधांना पैसेच पडत नाहीत. बाबांनी लगेच काकांना उलटा फोन लावला आणि इतक्या ऐटीत ही बातमी दिली, जणू हा कायदा त्यांनीच केला होता.

"मग तू थांबलायस कशासाठी?" काकांनी विचारलं.

बाबांनी त्यांना तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

दंड नव्हता हे खरं. पण उशीर झाल्याचं दुसरं काही असू शकतं, हे आम्हाला उन्हाळा संपता संपता कळलं. मुलीला शाळेतून आणताना मी बघितलं, उताराखालच्या दवाखान्याच्या काचेवर कागद लावलेला. तिथले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते, नवीन कुणी मिळालं नव्हतं, आणि दवाखान्याचे 'बुक्स क्लोज्ड' होते. म्हणजे ज्यांचं नाव आधीपासून आहे ते आत. नवीन कुणाला घेणं बंद. पुढं कधी, तेही लिहिलेलं नव्हतं.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते भाजी निवडत होते. "चला," म्हणाले, "विषयच मिटला." पण त्यांनी त्यानंतर मेथीच्या काड्याही पानांतच टाकल्या, हे मला चांगलं आठवतं.

एका शनिवारी सकाळी आलं सोलायची सुरी सापडेना. सगळीकडे शोधून मी बाबांच्या खोलीत गेले. सुरी त्यांच्या टेबलावर होती, एका स्टीलच्या झाकणात. शेजारी अर्ध्या केलेल्या पांढऱ्या गोळ्या एका ओळीत मांडलेल्या, आणि झाकणात पिठासारखा चुरा.

मी पलंगावर बसले. मला सातवी-आठवीतलं आठवलं. शाळा सुटली की मी दवाखान्यात बाबांच्या मागे स्टुलावर बसून अभ्यास करायची. एकदा एक बाई आली. गोळ्या महिनाभर पुरवायच्या म्हणून तिनं त्या अर्ध्या करून खाल्ल्या होत्या. एरवी बाबा खिडकी सोडत नसत. त्या दिवशी ते बाहेर गेले, बाकावर तिच्या शेजारी बसले आणि रांग खोळंबलेली असताना तिला समजावत राहिले, की ताई, अर्धी गोळी म्हणजे अर्धं बरं होणं नाही.

बाबा अंघोळीहून आले. मला बघितलं, झाकण बघितलं.

"बाबा, हे काय?"

"पुरवतोय. मामेभावाचं येणं लांबलं ना."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

"तुमच्या खिडकीवर कुणी असं सांगत आलं असतं तर?"

ते टॉवेल खुंटीला लावत राहिले. "रागावलो असतो," शेवटी म्हणाले. मग हळूच, "सकाळी उठल्यावर जरा गरगरतं. तुला सांगणार होतो."

आम्ही तसेच खाली फार्मसीत गेलो. जाण्याआधी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फार्मासिस्ट माझ्याच वयाची, सामोआ बेटांवरची बाई होती, कानामागे पांढरं फूल खोवलेली. "कीआ ओरा," असा तिनं इथला नमस्कार केला. बाबांनी गोळ्यांची रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली आणि इंग्रजीत पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मीसुद्धा फार्मासिस्ट आहे."

"मग तुम्हाला माहीतच आहे," ती हसून म्हणाली, "मी हे चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही." तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला, बीपी मोजलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे न देता त्यांच्याकडे वळवला. ते मला फार आवडलं. बाबांनी आकडा बघितला आणि डोळे मिटून घेतले. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुमचा डॉक्टर कोण?"

"कुणी नाही."

"नाव नाही घातलं?"

मी बोलणार तेवढ्यात बाबाच बोलले. शब्द जुळवत, सावकाश. "मला वाटलं, मी बरा आहे. एखाद्या आजारी माणसाची जागा मी कशाला अडवू?"

ती काउंटरला वळसा घालून आली आणि त्यांच्या समोर उकिडवी बसली. "अंकल, इथं दवाखान्याला सरकारकडून पैसे मिळतात ते यादीत नावं किती त्यावर. आत किती जण आले त्यावर नाही. जे धडधाकट असतात, वर्षातून एकदा येतात, त्यांच्या नावावर आजाऱ्यांसाठी नर्स ठेवता येते. तुम्ही नाव घातलं असतं तर कुणाची जागा गेली नसती. तुमच्यामुळे कुणाची तरी सोय झाली असती."

"आमच्याकडे असं नव्हतं," बाबा म्हणाले. "वरून माल यायचा. जो येईल त्याला द्यायचं. संपला की खिडकी बंद."

"ती बंद तुम्हाला करावी लागायची?"

"मलाच," बाबा म्हणाले.

त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. तीस वर्षांत माणसांची पारख त्यांना का करावी लागली, ते मला तेव्हा जरा समजलं.

तिनंच तातडीच्या क्लिनिकला फोन करून आम्हाला पाठवलं. तिथं चार तास बसलो. नाव कुठंच नसल्यामुळे फीही जास्त पडली. बरोबर आलेली मुलगी सगळा वेळ आजोबांच्या मांडीला टेकून इंग्रजीत प्रश्न विचारत होती आणि ते मराठीत उत्तरं देत होते. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. डॉक्टरनं एका महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की या महिन्यात स्वतःचा डॉक्टर शोधा. परत फार्मसीत आलो तेव्हा बाबांनी पाकीट उघडून धरलं. "काही नाही," ती म्हणाली. ते तरी उघडंच धरून उभे राहिले. मग मीच ते हलकेच मिटवलं.

पुढचे दोन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यांना फोन करत होते. बुक्स क्लोज्ड. बुक्स क्लोज्ड. हिवाळ्यानंतर बघा. तुमच्या भागातलेच घेतो. माझ्या नवऱ्यानं फ्रिजवर यादी लावली होती; रोज एक-दोन नावांवर काट पडायची. रात्री मला उगाच राग यायचा, पण बाबांचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून, सही होईपर्यंत उठायचं नाही, एवढं मी करायला हवं होतं.

मग एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला.

"झालं."

"काय झालं?"

"नाव घातलं. यादीतले राहिलेले फोन मीच लावले. पाचव्या दवाखान्यानं हो म्हटलं. खाडीच्या पलीकडे आहे, दोन बस बदलाव्या लागतात. गेलो, पासपोर्ट दाखवला, सही केली. तू काम कर."

फोनवर बोलायचं कसं, ते नातीनं शिकवलं होतं. आधी 'कीआ ओरा', मग आडनावाची अक्षरं एकेक करून, मग श्वास घ्यायचा. पुढचे काही दिवस घरात ती दोघं एकमेकांना तसेच खोटे खोटे फोन करत होती.

पहिल्या तपासणीला मी सुट्टी काढून बरोबर गेले, पण बाबा म्हणाले, तू बाहेर बस. नर्सनं त्यांना अर्धा तास आत ठेवलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मी घाबरले. त्यांनी हात हलवून काही नाही असं दाखवलं. बसस्टॉपवर वारा खूप होता. बसमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "तिनं विचारलं, झोप लागते का. घरात कोण कोण आहे. बायको कशी गेली. मी सांगितलं."

आई गेल्यापासून त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"गोळीचं काम पाच मिनिटांचं होतं," ते म्हणाले. "बाकीचा वेळ ती नुसती ऐकत होती. त्याचं कुठं काही लिहिलंही नाही."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो उतरेपर्यंत काढून घेतला नाही.

आमच्या लोकांची महिन्यातून एका रविवारी शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये वंदना असते. वंदनेनंतर चहा आणि थोडं बोलणं. बाबा तोवर कधी बोलायला उठले नव्हते. त्या रविवारी उठले. जय भीम केला आणि म्हणाले, "मी जन्मभर लोकांना औषधं वेळेवर घ्या म्हणून सांगितलं आणि इथं येऊन स्वतःच्या गोळ्या सुरीनं कापल्या. कारण मला वाटलं, मी बरा आहे, मी या देशाचा कोण लागतो. तुमच्याकडे आई-वडील आले असतील तर त्यांची नावं या आठवड्यात घाला. ते नाही म्हणाले तर मला फोन करा."

मला वाटलं, उगाच एवढं सांगितलं. पण चहाच्या वेळी त्यांच्याभोवती गर्दी झाली आणि मला माझा कप घेऊन लांब उभं राहावं लागलं.

बुधवारी एक जोडपं घरी आलं. लातूरकडचे, मुलाकडे नुकतेच राहायला आलेले. बाबांनी टेबल पुसून घेतलं, चष्मा लावला, फॉर्म पुढ्यात घेतला. ते गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला बायकोकडे बघायचे आणि ती उत्तर द्यायची. निम्मा फॉर्म झाल्यावर तिनं पदर सावरत विचारलं, "भाऊ, नाव घातलं की लगेच सुई टोचतात का हो?"

"नाही ताई," बाबा म्हणाले. "आधी बसवून घेतात. आणि तुम्ही कशा आहात ते विचारतात."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाली, "मग आधी माझा भरा."