चहा पाजला की चालतात

स्लॅबच्या दिवशी जेवायची सुट्टी नसते. काँक्रीट ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर तिथे सांधा राहतो आणि पुढे स्लॅब गळतो. म्हणून बिगाऱ्यांना त्या दिवशी भाकरीऐवजी चहा.

लातूरकडे एका बंगल्याच्या स्लॅबवर माझी माय घमेली वाहत होती. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्या मागे गेले होते. दुपार कलली तेव्हा घरमालकीण किटली घेऊन खाली आली. कप आणले नव्हते. संडासाच्या दारापाशी निळा प्लास्टिकचा मग होता. तिने तो उचलला, नळाखाली एकदा धरला आणि त्यात चहा ओतला. तोच मग हातोहात फिरत मायपर्यंत आला.

मी म्हणाले, "माय, ह्यो तिथला हाय."

"गरम हाय ना. पे गुमान."

मालकीण मिस्तरीला सांगत होती, "जेवायला बसवू नका हो यांना. चहा पाजला की चालतात."

चालतात. गिरणी चालते तसं.

मी तो चहा प्यायले. भूक मेली खरी. लाज नाही मेली.

मी शिकले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. बेंगळुरूत कंपनीत लागले, सॉफ्टवेअर तपासायचं काम. बनशंकरीत पीजीत राहायचे. ऑफिसात मराठी बोलणारे पाच-सहा जण होते, बहुतेक पुण्याचे. आपली भाषा ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या मागोमाग ऑफिसच्या जिममध्येही जायला लागले. टीम लीड सानिका तिथली पुढारी.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. वीस किलोची लोखंडी प्लेट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची होती. माझ्या हाताने आपोआप टॉवेल गुंडाळला, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर प्लेट. ताठ मानेने चालत गेले. लहानपणापासून पाणी, सरपण, सगळं तसंच वाहिलेलं. मला वेगळं काही वाटलंच नाही.

सानिका हसून हसून खाली बसली. "अगं ए, बिगारी! साइटवर आलीस का?"

तेव्हापासून मी बिगारी. "बिगारी, कॉफी घेतेस?" "बिगारीला विचार, ती उचलेल." मीटिंगमध्येसुद्धा. मीही हसायचे. हसताना कानशिलं तापायची. माय काय करते असं कुणी विचारलंच तर मी म्हणायचे, गावी असते.

जिममध्ये सगळे आधी एक पावडर घ्यायचे. प्री-वर्कआउट. पाण्यात कालवलेलं गुलाबी कॅफिनच म्हणा. एका चमच्यात दोन-तीन कडक कॉफ्यांचा माल. ट्रेनर मंजू अण्णा सांगायचे, "स्वल्प लो, खाना खाके लो." मी ती घेत नव्हते. पण जिममध्ये डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायची, पैज लागली आणि सानिकाने माझ्यावर पैसे लावले. स्वतः दोन चमचे बाटलीत टाकले आणि ती हलवून मला दिली.

"पी. एवढं पाजलं की मशीन होशील तू."

त्या दिवशी कामाच्या गडबडीत माझं जेवण राहिलं होतं. तसं सांगायची लाज वाटली. प्यायले.

थोड्या वेळात ओठांना, कानांना मुंग्या आल्या. मग अंग हलकं झालं. बार जमिनीवरून असा सुटला की मलाच कळेना. कधी उचललं नव्हतं एवढं वजन उचललं. थकवा म्हणून नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि काळीज गळ्यात येऊन धडधडत होतं. पुढच्या वजनाला हात लावला तर बोटं थरथरायला लागली. गार घाम फुटला. बार खाली आदळला आणि मी तिथेच रबराच्या मॅटवर ओकले.

साफसफाईच्या अक्का बादली घेऊन धावत आल्या. माझ्या मायच्या वयाच्या. त्यांच्या हातून फडकं घेतलं मी. माझी घाण त्यांनी का काढायची? गुडघ्यांवर बसून पुसत होते, तेव्हा सानिकाचा आवाज आला.

"बघा, बिगारी कामाला लागली."

मोबाइल समोर धरला होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ टीमच्या ग्रुपवर होता. खाली हसरे चेहरे. मी मोजले नाहीत. एक मीही टाकला, तेवढा आठवतो.

धडधड थांबेना म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी नाडी धरता धरता विचारलं, "ऊटा आयता?" जेवलीस का? या गावात भेटेल तो हेच विचारतो. मी सवयीने म्हणाले, "आयतु." झालं.

"खरंच जेवलीस?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी काळीज तपासलं. ठीक होतं. मग हिंदीत समजावलं. कॅफिन काही विष नाही, चहातही असतं. माफक घेतलं तर जोर लावताना मदत होते. पण ते ताकद आणत नाही. थकवा मेंदूला कळू देत नाही, एवढंच. थकवा असतो तिथेच असतो. भूकही असते तिथेच. शरीर नंतर वसूल करतं.

मी पायरीवर येऊन बसले. मला निळा मग दिसत होता. चहा हा उपकार नव्हता. माझ्या मायला थकलेलं कळू नये म्हणून तो होता. म्हणून रात्री ती पोटऱ्या धरून कण्हायची. आणि मला माझ्या बाटलीचीही लाज वाटली, मायच्या मगाचीही. मग वाटलं, लाज आपल्याला का? तो मग हातात देणारी कुठे लाजली होती?

पुढच्या आठवड्यात सानिकाने पुन्हा बाटली पुढे केली. "चल बिगारी. आज एकच चमचा."

"चमचा नको. आणि बिगारी म्हणायचं नाही."

"अगं, गंमत आहे."

"माझी माय बिगारी आहे. अजून घमेली वाहते. त्यावर मी शिकले. तिच्या कामाची गंमत तू करायची नाहीस."

सानिकाने बाटली बाकावर ठेवली.

"तू कधी बोललीच नाहीस," सानिका म्हणाली. "तू पण हसायचीस."

"लाजेने हसायचे. आता नाही हसणार. ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाक. तोवर मी इथेच उभी आहे."

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मागून कुणीतरी म्हणालं. मी वळले नाही. सानिकाने मोबाइल काढला. ग्रुपवरून व्हिडिओ पुसला. कुणाकुणाच्या मोबाइलात अजून असेल, मला माहीत आहे.

मग मी बार उचलला. आधीपेक्षा कमी वजन. प्रत्येक किलो पाठीला कळत होता. तेव्हापासून तसंच करते. जेवून येते. वाटलं तर अर्धा कप कॉफी, तीही दुपारनंतर नाही, झोप जाते. दमले की थांबते.

त्यांच्यातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. सानिका कामापुरतं बोलते. मला माझ्या गावची वाटलेली ती माणसं आता माझी राहिली नाहीत. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मायला मी फोनवर सगळं सांगितलं, ओकल्याचंही, डॉक्टरबाई थकव्याबद्दल बोलल्या तेही. ती म्हणाली, "आता स्लॅबला जायची न्हाई मी." गेली नाही. तिला महिन्याचे पैसे मी पाठवते.

पावडरीच्या दिवशीचं वजन या महिन्यात मी उचललं. जेवून, शुद्धीत. आणि ऑफिसात मला माझ्या नावाने हाक मारतात. मी बिगारणीची मुलगी आहे, हे मीच सांगते. दुसऱ्या कुणाला ते हसून म्हणू देणार नाही.