मधल्या खोलीचं साल

चैत्राचा पहिला दिवस, पण ऊन वैशाखाचं. सकाळी सातलाच टिनपत्रे तडतडू लागले होते. मंगरूळपीरच्या कडेच्या त्या नव्या वस्तीत नळ सहाव्या दिवशी यायचा, तो नेमका पाडव्याला आला. मारोतराव पायजमा पोटऱ्यांवर सारून टाकीत पाईप धरून बसले होते. घरमालकानं किरायदारांचं पाणी भरावं असं कुठल्या कायद्यात नाही. पण तीन खोल्यांना टाकी एक, मोटर एक, आणि मारोतरावांना दुसरं काम नाही.

त्यांचं वावर सरकारी रस्त्यात गेलं, मोबदल्याचा पैसा आला. साळा दौलतराव प्लॉटांची दलाली करायचा. तो म्हणाला, "भाऊजी, घरात ठेवान तं सोयरे खाईन, वावरात टाकान तं पाऊस खाईन. खोल्या बांधा." बांधल्या, एका रांगेत तीन. पहिलीत स्वतः राहिले, दोन किरायानं दिल्या.

मागच्या श्रावणात त्यांची बायको रुख्मिणी त्या पहिल्या खोलीतच वारली. जेवता जेवता, पाण्याचा गिलास हातात असताना. तेव्हापासून मारोतराव रडले नाहीत की कोणावर चिडले नाहीत. जो जे विचारील त्याला "हो" म्हणत. शेवटच्या खोलीतल्या मास्तरानं भिंतीत खिळे ठोकू का विचारलं, हो. दूधवाल्यानं दूध वाढवू का विचारलं, हो. एकट्या माणसाच्या घरी दोन लिटर दूध येई आणि वस्तीतली मांजरं माजली होती.

मधल्या खोलीत उज्ज्वला राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा पुण्याला कंपनीत, सासू धनीबाई लकव्यानं खाटेवर. वावर सालभराच्या ठोक्यानं कसायला द्यावं तशी मारोतरावांनी ही खोली दिली होती, पाडवा ते पाडवा, तोंडी. कागद नाही, साक्षीदार नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दौलतराव येऊन बसला. "भाऊजी, बँकेतला माणूस हाय. किराया दीडपट देते, अकरा महिन्याचा कागद करते. या बाईचा काय भरोसा? कागद नाई, उद्या म्हणन खोली माहीच. अन् ते बुढी खोलीत मेली तं मंग किरायदार फिरकत नाई, सांगून ठेवतो. पाडव्याले खाली करून घेऊ?"

"हो," मारोतराव म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी उज्ज्वला दारात उभी. "काकाजी, पुढचं साल राहू द्यान ना? आठ घरं पाह्यली. बुढी खाटेवर हाय म्हटलं का लोक दार लावून घेतात."

"हो."

एकाच खोलीवर दोन होकार बसले, हे मारोतरावांच्या ध्यानात होतं. पण दुसऱ्याच्या वावरात ढोर शिरलेलं दिसावं, तसं ते दुरून पाहत राहिले.

टाकी अर्धी झाली तेव्हा उज्ज्वला ताट घेऊन आली. "घ्या काकाजी. तुमच्या घरी वरीस झालं नाई, पुरण टाकता येत नाई. दुखवट्याच्या घरी शेजाऱ्यानंच ताट आणावं लागते."

मारोतरावांनी एका हातात पाईप ठेवून दुसऱ्या हातानं पोळी मोडली. वर तूप होतं. चव काही लागली नाही. एक खाल्ली, मग दुसरी. उज्ज्वला रिकामं ताट न्यायला थांबली होती, तेवढ्यात दौलतरावची मोटरसायकल आली. मागं बँकेतले उत्कर्ष साहेब, मांडीवर फाईल.

"काहून बाई, सामान नाई बांधलं?" दौलतराव उतरता उतरता म्हणाला. "खोली आज खाली कराची हाय."

उज्ज्वला मारोतरावांकडं वळली. "काकाजी, तुमी तं हो म्हटलं होतं."

"मलेही होच म्हटलं," दौलतराव म्हणाला. "सांगा भाऊजी, कोणाचं खरं?"

मारोतराव ताटाकडे पाहत होते. बापाच्या वेळी पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, पंगतीत बसायचा. त्यानं मालकाची पोळी मोडली की साल ठरलं. मग कोणी पायलीभर धान्य जास्त देवो, सालदार हलत नसे. आणि दुसरा गडी कितीही स्वस्त मिळो, मालक त्याला काढत नसे.

"पोळी खाल्ली मी तिची," ते म्हणाले. "साल ठरलं."

"अबे ते सालदाराचं असते!" दौलतराव घाईत भाऊजींना अबे म्हणून गेला. "किरायदाराचं कुठी असते? अन् तेही उलटं, मालकानं चारावं लागते!"

"पोटात गेली ना. आता कशी काढू?"

उत्कर्ष साहेबांना हसू आलं, पण कोणी हसत नाही पाहून त्यांनी फाईल उघडली नि बंद केली.

दौलतराव जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊजी, बुढी गेली तं खोली पडीक राहीन. मयताच्या खोलीत कोण राह्यते?"

"मी राह्यतो," मारोतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुही बहीण तिथंच गेली. मी तिथंच झोपतो."

दौलतरावनं पहिल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग रुमालानं मान पुसली, बराच वेळ पुसली.

"कागद तरी करान का नाई?" तो शेवटी म्हणाला.

"कर. तिच्या नावानं कर. पोलीस ठाण्यातही कळव. किराया आहे तोच." मग साहेबांकडं वळून, "माफ करा. मी चुकलो."

आठ महिन्यांत त्यांनी कोणाला नाही म्हटलं ते हे पहिलं. म्हणून झाल्यावर बरं वाटलं असं नाही, वाईटही वाटलं नाही. मोटरसायकल गेली. उज्ज्वला काहीतरी बोलायला थांबली होती. आतून धनीबाईनं हाक दिली तशी ताट घेऊन पळाली.

टाकी भरून पाणी पायावर सांडत होतं. मारोतरावांनी पाईप उचलला आणि मधल्या खोलीपुढच्या ड्रमात सोडला.