नदी नसलेल्या देशातली ओटी

माझी शाळा चौथीत सुटली. मराठी वाचता-लिहिता येतं, आणि हे लिहितोय तेही माझ्याच हाताने. इंग्रजी आलं नाही. येत नाही हे मात्र मी बायको सोडून कधी कुणाला कळू दिलं नाही. शारजात तेवीस वर्षं काढली, त्यातली पंधरा फोरमन म्हणून. ड्रॉइंग समोर आलं की रेघा आणि आकडे बघून कुठला पाइप कुठे बसणार ते मी इंजिनियरच्या आधी सांगायचो. मजकूर वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिला म्हणायचो आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचो. तेव्हा मला चष्मा नव्हताच.

नव्वदच्या पुढची गोष्ट. बायको आणि मुलगी तिकडे राहायला आल्या तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. अल मजाजमध्ये एक खोली आणि किचन घेतलं होतं. महिना झाला नाही तोच पोरीला ताप चढला, मान वाकेना. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. नऊ दिवस ती काचेपलीकडे पडून होती. बायकोचं माहेर कृष्णाकाठचं. तिकडच्या बायका नदीला आपल्यातलीच एक समजतात, खणानारळाने तिची ओटी भरतात. बायकोने त्या काचेला हात टेकला आणि नवस बोलली, की माझी पोर ज्या मुलखात आजारी पडली त्याच मुलखातल्या नदीची ओटी भरीन, हिला उठव.

दहाव्या दिवशी पोरीने पाणी मागितलं.

घरी आल्यावर बायकोने मला विचारलं, इथली नदी कुठल्या अंगाला आहे? मला हसू आलं. म्हटलं, अगं, या देशात नदी नाही. एकसुद्धा नाही. नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून येतं.

तिने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाली, "मग मी बोलले कुणाला?"

मी हसतच राहिलो. ते हसणं आज मला आवडत नाही.

शेजारच्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, एवढं काय त्यात, खाली ते खाडीसारखं लगून आहे, तिथे भरा. बायको म्हणाली, ते समुद्राचं पाणी. समुद्र पुरुष. त्याला नारळ देतात, त्याची ओटी भरत नाहीत. दोन वर्षांनी रजेवर गावी आलो तेव्हा तिने कृष्णेची ओटी भरली. मी म्हटलं, चला, खलास. ती म्हणाली, ही माहेरची झाली, तिकडची राहिली. एक हिरवा खण तिने परत येताना बॅगेत आणला आणि कपाटात पासपोर्टांच्या खाली ठेवून दिला. पासपोर्ट काढताना दर वेळी तो दिसायचा.

हमरियाच्या फ्री झोनमध्ये आमचं शेड होतं. तिथे लोखंडी प्लेटी घेऊन एक पठाण ट्रेलरवाला यायचा. चहा पिताना एकदा तो सांगू लागला की खोरफक्कानच्या पुढे डोंगरात एक जागा आहे, तिथे कड्यावरून बारा महिने पाणी पडतं. मी म्हटलं, पावसात पडत असेल. तो म्हणाला, "नहीं फोरमन साब, गर्मी में भी. मीठा पानी है, बकरी लोग पीता है." रस्ताही त्याने समजावून सांगितला. मसाफीचा बाजार, मग फुजैरा, मग किनाऱ्याने वर, आणि बिदियाच्या अलीकडे डोंगरात शिरणारा कच्चा रस्ता. तिथे एक छोटा बोर्ड आहे म्हणाला.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, गोडं पाणी वाहतं तिथे नदी आलीच. आणि सांगून दोन वर्षं मी तिला नेलं नाही. कधी सुट्टी नाही, कधी क्लच गेला, कधी ऊन फार. खरं कारण तो बोर्ड. शारजात मी खुणांवर गाडी चालवायचो, म्हणजे मशीद, कार्गोचं दुकान, बंद पडलेली बेकरी. तिकडे डोंगरात नुसते बोर्ड. एक ओळ अरबी, एक इंग्रजी. दोन्ही मला सारख्याच. बायकोला हे लग्नापासून माहीत होतं. मुलीला नव्हतं. ती इंग्रजी शाळेत जायची, आणि तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं.

मग बायकोला जिना चढताना धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं, तिकडे तिचे भाऊ होते. दोघींचं मंगळवारचं तिकीट काढलं. गुरुवारी मी कामावरून आलो तर दाराशी, माझ्या बुटांच्या शेजारी, एक पिशवी ठेवलेली. त्यात तो खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या.  ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी तिला तो नवस फेडायचा होता, हे मला न बोलता कळलं.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. मार्च महिना होता. माझी जुनी सनी गाडी, मागे मुलगी, दहा वर्षांची. शारजा सुटल्यावर ती मोठ्याने बोर्ड वाचायला लागली. तिला तो खेळ वाटत होता. मसाफीत गालिचे आणि कलिंगडांची दुकानं लागली आणि पुढे रस्ता दोन बाजूंना फुटला. ती म्हणाली, "पप्पा, फुजैरा राइट." माझ्या डोक्यात मात्र डावी बाजू पक्की बसली होती. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. गप्प बस."

ती गप्प बसली. डावीकडचा रस्ता डोंगरातून फिरत फिरत दिब्ब्याला समुद्रावर निघाला. म्हणजे आम्ही उलट्या टोकाला आलो होतो. मी चुकलो असं म्हणालो नाही. समुद्र बघा, किती निळा आहे, असं म्हणालो. मग किनाऱ्याने खाली आलो. बिदिया कधी आलं नि गेलं कळलं नाही, एकदम खोरफक्कानच लागलं. मागे वळलो. पुन्हा बिदियाच्या पलीकडे गेलो. पुन्हा मागे. असे दोन तास गेले. बायको खिडकीला डोकं टेकून होती, ओठ सुकलेले. शेवटी ती हळूच म्हणाली, अहो, तिला विचारा.

मी गाडी बाजूला घेतली. आरशात बघितलं तर पोरगी रडत होती, आवाज न करता. विचारलं, डोंगरात जायचा बोर्ड दिसला होता का तुला?

"ट्वाइस," ती म्हणाली. "बट यू टोल्ड मी नॉट टु रीड."

हे इंग्रजी मला समजलं. मी स्टिअरिंग धरून बसलो. तेव्हा सात वर्षं फोरमन, माझ्या हाताखाली चाळीस माणसं. बायको समोर बघत होती. तिने मला मदत केली नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी म्हटलं, "बेटा, मला वाचता येत नाही ते. तू वाच."

ती थोडा वेळ माझ्या मानेकडे बघत राहिली असावी. मग पुढे सरकली, दोन सीटांच्या मधून डोकं काढून बसली. "लेफ्ट, पप्पा," म्हणाली. नंतर मराठीत म्हणाली, "आता डावीकडे."

कच्चा रस्ता होता. कोस-दीड कोस गेल्यावर गाडी खडीत बसायला लागली. पुढे चालायचं होतं. दुपारचा एक वाजला होता. वेळेवर आलो असतो तर सकाळची सावली मिळाली असती. आता दगड तव्यासारखे. बायको वीस पावलं चालायची आणि बसायची, पुन्हा वीस पावलं. पाठीवर घेतो म्हटलं तर तिने मान हलवली. नवस माझा, म्हणाली, पायानेच जाणार.

पाण्याचा आवाज आधी आला. ती उभी राहिली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मग धबधबा दिसला. आपल्याकडच्यासारखा नव्हे. दोन पुरुष उंचीच्या काळ्या कड्यावरून मनगटाएवढी धार पडत होती, खाली हिरवं डबकं, कडेला बोरू आणि गुलाबी फुलांची कण्हेर. पाणी डबक्यातून निघून दगडांतून थोडं वाहायचं आणि वाळूत नाहीसं व्हायचं.

बायको पाण्यात घोट्यापर्यंत उतरली. हळदीकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण आणि नारळ पाण्यावर ठेवला. नारळ गोल फिरून जागेवरच थांबला. खण दगडाला चिकटून बसला. पाण्याला नेण्याइतकी ताकद नव्हती. मी काठी उचलली, तर ती म्हणाली, राहू द्या, ढकलू नका. ती तशीच पाण्यात उभी राहिली. मला वाटलं, एवढं करून नदीने घेतलंच नाही म्हणून ही आता इथेच बसेल.

तेवढ्यात वरच्या वाटेने एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन उतरली. तिथली, डोंगरातली. तोंडावर तिकडच्या बायका लावतात तो मुखवट्यासारखा चकचकीत बुरखा, फक्त डोळे दिसत होते. तिने खण बघितला, वाकून उचलला, पिळला आणि बायकोसमोर धरला. हा तुझा पडला, असं तिला म्हणायचं असावं. बायकोने हात पुढे केला नाही. तिने नारळ पाण्यातून काढला, पिशवीतले उरलेले तांदूळ ओंजळीत घेतले, आणि खुणेने त्या बाईला ओढणी पसरायला सांगितलं.

म्हातारीला काय समजलं देव जाणे, पण तिने ओढणी पसरली. बायकोने तांदूळ घातले, नारळ घातला, वर तोच ओला खण ठेवला आणि तिच्या पाया पडली. म्हातारी मागे सरकली, अरबीत काहीतरी भराभर बोलली. मग कमरेच्या गाठीतून तीन लिंबं काढून तिने बायकोच्या पदरात टाकली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेळ्यांच्या मागे निघून गेली.

बायको म्हणाली, झालं. त्यानंतर परतीच्या वाटेवर ती कमी वेळा बसली, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. येताना सगळे बोर्ड पोरीने वाचले. मी ऐकले.

ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी तिला पुन्हा तिकडे जाऊ दिलं नाही. मी आणखी आठ वर्षं एकटा राहिलो, कंपनीच्या कॅम्पात. पोरगी आता कॅनडात असते. मध्ये तिने तिकडच्या उत्तरेच्या जंगलातल्या एका धबधब्याचा फोटो पाठवला. उंच सुरूसारखी झाडं, अर्धं गोठलेलं पाणी, माणूस एक नाही. पुढे एक बोर्ड होता. त्यावरचा मजकूर तिने फोटोखाली मराठीत लिहून पाठवला होता, मी न विचारता.

बायको जाऊन चार वर्षं झाली. ती असताना गावात हळदीकुंकवाला बायका जमल्या की ही गोष्ट निघायची. ती सगळं सांगायची, लिंबंसुद्धा. सुरुवात मात्र ठरलेली: "आमच्या ह्यांनी सरळ नेलं बघा, एकदाही रस्ता चुकले नाहीत." पोरगी तिथे असली तर माझ्याकडे बघायची आणि चहाचे कप उचलायला लागायची. मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकायचो आणि कधी बाहेर येऊन खरं सांगितलं नाही.

गावातल्या बायकांना अजून तसंच वाटतं. पण त्या उन्हात ती वीस-वीस पावलं चालली, ते ऊन मी तिच्यावर आणलं होतं, आणि तिने ते मरेपर्यंत झाकून ठेवलं. आता ती झाकायला नाही, म्हणून मीच लिहून ठेवलं.