थांबलेल्या पटाचं घंगाळ

आमच्या हिच्या मोठ्या काकांइतका वेगवान माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नाही, असं खुद्द त्यांचंच म्हणणं आहे, आणि ते खोडून काढायची संधी ते समोरच्याला देत नाहीत. जन्मभर त्यांनी खाणीत डंपर चालवला. डंपर कसा चालतो हे ज्यानं पाहिलंय त्याला कळेल की या माणसाच्या आत किती वेग तुंबून राहिला असेल. निवृत्त होऊन बल्लारपुरात घर बांधल्यापासून ते त्याची भरपाई करताहेत. जेवण भर्रकन, आंघोळ त्याहून भर्रकन. लग्नाला गेले तर पहिल्याच 'सावधान'ला हातातल्या सगळ्या अक्षता एकदम उधळून टाकतात आणि पंगतीत जाऊन बसतात. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळी मंडळी आमच्याकडे बघत होती, आणि लांब मांडवाच्या टोकाला हे गृहस्थ एकटेच मठ्ठा पीत होते. सासरच्या माणसांपैकी माझ्या नीट लक्षात राहिलेलं ते पहिलं माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात मोटारसायकल घुरघुरवत हजर झाले आणि म्हणाले, "चला जवाईबापू, तुमाले सर्किट दाखवतो."

सर्किट हा शब्द त्यांनी टीव्हीवरून उचललेला. मला वाटलं, काही तरी डांबरी, झेंडेबिंडे लावलेलं असेल. गावाबाहेर, धानाची बांधी संपते आणि सागाचं जंगल सुरू होतं तिथं त्यांनी गाडी थांबवली. समोर गुडघाभर तरोट्याचं रान माजलेलं, मधून गुरांची एक गोल पायवाट गेलेली, पलीकडे नाला. काकाजींनी मला एका दगडावर बसवलं आणि त्या तरोट्यातून पायी शर्यत सुरू केली. तोंडानं इंजिनाचा आवाज, त्यातच मध्ये मध्ये माइकवरचं बोलणं, वळणावर अंग वाकवणं, सगळं एकट्याचं. नाल्याजवळच्या वळणावर ते झुडपाआड दिसेनासे झाले तरी आवाज चालूच होता. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि मी नुसता जावई न राहता प्रेक्षक झालो होतो. त्यानंतर आमच्याकडचा कुणीही पाहुणा सर्किट पाहिल्याशिवाय बल्लारपुरातून सुटलेला नाही.

त्या सर्किटचा इतिहास मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही सांगेन. मूळ ते पटाचं मैदान. धान घरात आलं की आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीचा पट भरतो. त्यानिमित्तानं माहेरवाशिणी येतात, दुकानं लागतात, नाटक होतं. मग बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. बैल गेले तर पट जाणार, पट गेला तर नाटक जाणार आणि लेकीबाळींनी यायचं तरी कशासाठी, म्हणून सगळं गाव तोंड पाडून बसलं होतं. तेव्हा आमचे काकाजी उठून म्हणाले, "बैलायले बंदी हाये ना? मोटारसायकलले कुठी हाये?" गावानं ते उचलून धरलं. फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. बैलजोड्या धावत त्या सरळ धावपट्टीवर, आणि पट्टी संपली की बैल दमून आपोआप थांबायचे. मंडळींनी मोटारसायकलीही तशाच सरळ सोडल्या. पट्टी संपली, काकाजी संपले नाहीत. काटेरी कुंपण तोडून ते नाटकाच्या मांडवात शिरले. तिथं तालीम चालली होती. तोंडाला रंग लावून सिंहासनावर बसलेला राजा दचकून उठला आणि सवयीनं म्हणाला, "कोण आहे रे तिकडे?"

"मी हाये महाराज, ब्रेक नाई लागून राह्यला!" असं ओरडत काकाजी दरबारातून मागच्या पडद्यासकट बाहेर पडले. पुढच्या वर्षी पंचमंडळींनी पट्टी वाकवून गोल केली, म्हणजे कुणी कितीही धावला तरी मांडवापर्यंत पोचू नये. चंद्रपूर जिल्ह्यातलं पहिलं मोटार रेसिंग सर्किट हे असं जन्माला आलं.

बैल गेले तरी बैलांचे रिवाज काकाजींनी सोडले नाहीत. त्यांच्या मोटारसायकलचं नाव सोन्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात, तसं हे सोन्याचं हँडल शेकतात. पोळ्याला हँडलला बाशिंग, सीटवर झूल, आणि आंब्याच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत सोन्या उभा. शेजारचा बैल फुरफुरला की हे हलकेच अॅक्सिलरेटर पिळून सोन्याकडून उत्तर देतात. संध्याकाळी पुरणाची पोळी हेडलाइटसमोर धरली जाते. काकू मला एकदा म्हणाल्या, "सोन्याच्या नावानं रांधलेल्या पोळ्या कोनाच्या पोटात जाते, ते मले बरोबर माहीत हाये." काकाजींनी ऐकू न आल्याचं दाखवलं. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यामुळे त्यांना हे फार छान जमतं.

या सर्किटवर काकाजींना एकच माणूस भारी पडायचा आणि तो स्कूटर चालवायचा, हे त्यांचं कायमचं दुखणं. जिवतीचे गुरुजी. डोंगरातल्या शाळेत जन्मभर शिकवलेले, कधी खोटं न बोलणारे. भर शर्यतीत ते वळणाआधी हात दाखवत. "मांगं कोनी नाई, पुढं कोनी नाई, अन् हा मानूस हात दाखवून राह्यला!" काकाजी अजून चिडतात. पण काकाजी प्रत्येक वळणावर वेगाच्या भरात शेजारच्या शेतातल्या तुरीत शिरत, आणि ते तुरीतून निघेपर्यंत गुरुजी रीतसर हात दाखवून पुढं गेलेले असत. शेवटच्या वर्षी शेवटच्या फेरीत मात्र दोघं अगदी बरोबरीनं नाल्याच्या वळणावर आले. सोन्याचं पुढचं चाक वीतभर पुढं होतं, असं काकाजी म्हणतात. स्कूटरचं होतं, असं गुरुजी म्हणतात. आणि वळणावर, ऐन वाटेत, वाघीण ऊन खात बसली होती.

दोघांनी ब्रेक दाबले. त्या दिवशी ते लागले. वाघिणीनं दोघांकडे पाहिलं, जांभई दिली आणि तिच्या मनात आलं तेव्हा ती उठून गेली. तोवर सगळं गाव मांडवाच्या खांबांवर चढलं होतं. नाल्यात तिची पिल्लं निघाली. वनखात्यानं मैदान बंद केलं. पुढं बैलांवरची बंदी उठली, पट दुसऱ्या गावी भरू लागला आणि मोटारसायकलींची कुणाला आठवण राहिली नाही.

राहिलं ते बक्षिसाचं तांब्याचं घंगाळ. पटाचा जुना रिवाज असा की पट मध्येच थांबला तर बक्षीस कुणा एकाचं होत नाही. निकाल लागेपर्यंत एक वर्ष ते एकाच्या घरी, एक वर्ष दुसऱ्याच्या, आणि अदलाबदल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून एक वर्ष काकाजी ते घंगाळ सोन्याला बांधून घाटातून ठणठणत जिवतीला नेत, एक वर्ष गुरुजी ते स्कूटरवर बल्लारपूरला आणत. आलेला माणूस चांगला आठवडाभर राहायचा. सकाळी चहाबरोबर पुढच्या चाकाचं भांडण सुरू व्हायचं ते झोपेपर्यंत. घंगाळ जिवतीला असलं की काकाजींचा फोन ठरलेला, "चिंचेनं घासून राह्यले ना गुरुजी? राखेनं घासाल तं याद राखा." प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते चारचौघांत छाती ठोकून सांगत, "एकदा पट पुरा होऊ द्या. घंगाळ आपल्याच घरी कायमचं."

गेल्या पोळ्याला गुरुजी घंगाळ घेऊन आले ते चाकाचं भांडण न काढताच जेवायला बसले. जेवणं झाल्यावर म्हणाले, "संक्रांतीनंतर मी पुण्याला लेकीकडे चाललोय. जिवतीचं घर सोडतोय. गुडघ्यांनी आता घाट होत नाही. त्याआधी आपला पट पूर्ण करून टाकू. जिंकेल त्याचं घंगाळ, म्हणजे मागं काही राहायला नको."

ज्या क्षणाची काकाजी इतकी वर्षं वाट पाहत होते तो आला. मला वाटलं, आता हे उठून नाचतील. ते म्हणाले, "हो. बरोबर हाये," आणि अंगणात सोन्याजवळ जाऊन बसले. तेव्हापासून त्यांचा वेगच गेला. घास चावून खाऊ लागले. आठ दिवसांनी काकूंचा घाबरलेला फोन आला, "जवाईबापू, हे आंगोळीले लय वेळ लावून राह्यले. डाक्टरले दाखवा लागते का?"

मी जाऊन समजूत घातली, "काकाजी, तुम्ही काळजी करू नका. तुम्हीच जिंकणार."

"तेच तं भेव लागून राह्यलं," ते म्हणाले. "मंग तो येईन कायले, अन् मी जाऊ कायले?"

धानाची मळणी आटोपल्यावर पट ठरला. गावानं तरोटा कापला, ट्रॉल्या आणून उभ्या केल्या. वाघीण केव्हाच दुसऱ्या जंगलात गेलेली, म्हणून वनरक्षकानं एका सकाळपुरती मोकळीक दिली आणि स्वतःही बघायला आला. राहिलेली एक फेरी तेवढी पळायची होती. झेंडी पडली. सोन्या सुटला तो पाहून मलाच भरून आलं. इतका सुंदर, न तुरीत शिरता, तो माणूस कधी पळाला नव्हता. गुरुजी मागून हात दाखवत येत होते. नाल्याच्या वळणावर काकाजी झुडपाआड गेले आणि आवाज बंद झाला. क्षणभरानं आरोळी आली, "वाघीण! वाघीण हाये!"

गाव ट्रॉल्यांवर चढलं. वनरक्षक आणि मी धावत गेलो. काकाजी सोन्यावर बसून समोरच्या झुडपाकडे बोट दाखवत होते. गुरुजी त्यांच्या शेजारी येऊन थांबले होते, चाकाला चाक लावून. झुडूप हललं आणि त्यातून एक शेळी निघाली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पाला चघळत बांधावर चढली.

वनरक्षकानं काकाजींना काही विचारलं नाही. तो गुरुजींकडे वळला. "गुरुजी, तुमी खोटं नाई बोलत. वाघीण हाये का?"

गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. शेळीकडे पाहिलं. मग काकाजींकडे बराच वेळ पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "चांगली मोठी आहे."

वनरक्षकानं टोपी सारखी केली. "मंग पट थांबला," म्हणाला आणि लोकांना परतवायला निघून गेला. काकाजींनी त्या दिवशी दुपारी पंगतीत पहिलं पान पटकावलं आणि गुरुजींचा भात निवायच्या आत हात धुतले.

गुरुजी संक्रांतीनंतर पुण्याला गेले. निघताना एवढंच म्हणाले, "यंदा घंगाळ तुमच्याकडे. पुढल्या पोळ्याला माझी पाळी. रेल्वेनं या, सोन्यावर नको." आता पोळा तोंडावर आलाय. घंगाळ चिंचेनं घासून झालंय, मी तिकीटही काढून दिलंय, आणि गाडीत घंगाळाला खिडकीजवळची जागा मिळेल का, हे काकाजी मला रोज विचारतात.

परवा संध्याकाळी त्यांच्याबरोबर सर्किटवर गेलो होतो. तरोटा पुन्हा वाढलाय. या वेळी त्यांनी तोंडानं इंजिन चालवलं नाही. नाल्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "खरं सांगू जवाईबापू? पयल्या खेपेले चाक गुरुजीचंच पुढं होतं."

 त्यांनी माझा हात धरला. "पन त्याले सांगू नका, बाप्पा. त्याले समजलं तं घंगाळ ठेवून घेईन."

परतताना आमच्यापुढं एक बैलगाडी चालली होती. काकाजींनी सोन्या तिच्या मागं घातला आणि गावापर्यंत ओव्हरटेक केलं नाही.