अडतीस ओळी खोडल्यावर

डाळमिलच्या मालकांसमोर सरांनी माझी वही उघडून धरली. पानभर एकच ओळ, फिरवून फिरवून लिहिलेली, खोडलेली. "ही आमची टायपिस्ट. शाळेत शिक्षा झाल्यासारखं लिहीत बसते," ते म्हणाले. सगळे हसले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "शिस्त हमालीला लागते. सुचायला घराणं लागतं."

मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. पुढं कित्येक दिवस मला त्यांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणं जास्त सललं.

लातूरची जाहिरात एजन्सी, सरांच्या मालकीची. मला मराठी टायपिंगसाठी घेतलेलं. साडेनऊला मस्टरवर सही. पाच मिनिटं उशीर झाला की सरांच्या पेनानं लाल गोल. क्रिएटिव्हची तीन पोरं मात्र अकराला येत, कधी बाराला. त्यांना मूड असतो म्हणे. मूड लागला की ती काहीतरी लिहीत, आणि त्यातल्या चुका मी काढायची.

दुपारी ते तिघं एकत्र डबा खात. पहिल्या आठवड्यात मीही खुर्ची ओढून बसले. एकानं आडनाव विचारलं. मग गाव. उमरी म्हटल्यावर उमरीत कुठल्या बाजूला, तेही विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन जायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असायचं. मी कॉम्प्युटरपुढं एकटीनं जेवायला शिकले.

वहीची सवय बापाची. माझा बाप उमरीत पाट्या रंगवायचा. पानपट्टीची पाटी असो की विहाराची, आधी खडू लावलेला दोरा ताणून रेघ मारायचा, मगच ब्रश उचलायचा. मला पाटीवर एकच अक्षर काढायला लावायचा आणि पुसायला लावायचा. मी रडायची. "पुसलेलं वाया जात न्हाई बाई, हाताला ऱ्हातंय," म्हणायचा. पुढं फ्लेक्स आले आणि त्याचं काम संपलं. दोरा मी लातूरला घेऊन आले.

डाळमिलच्या जाहिरातीसाठी मला कुणी ओळ मागितली नव्हती. टाइप करायला 'शुद्धतेची परंपरा' आलं होतं. ते वाचून मला भूक काही लागेना. म्हणून रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी बसस्टँडवर जायला लागले. बाकड्यावर बसून पाच ओळी लिहायच्या, शेजारच्या बाईला वाचून दाखवायच्या, तिनं मान वळवली नाही तर खोडायच्या. अडतिसावी होती: 'पाहुणे आले? वरणात पाणी वाढवा. चव तीच.' कंधारच्या गाडीची वाट बघणारी एक बाई हसली. म्हणाली, "पाहुणे कशाला पायजेत गं? आमच्यात रोजच वाढवतेत."

मी पाहुणे खोडले. आमच्या घरी आठ माणसांना मूठभर डाळ शिजायची, आणि आई पाणी घालताना कुणाकडं बघायची नाही. 'वरणात पाणी वाढवा. चव तीच.' एकोणचाळिसावी ओळ. बाई गाडीत बसून गेली. मला ओळ सापडली होती आणि सांगायला कुणीच नव्हतं. मी तिथंच रडले.

ती वही मी हौसेनं सरांना दाखवायला दिली. पुढचं वर सांगितलंच. वही परत आली तेव्हा एकोणचाळिसाव्या ओळीला लाल गोल होता. पंधरा दिवसांत ती ओळ नांदेड रोडच्या होर्डिंगवर चढली.

मालक पेढे घेऊन आले. सरांना विचारलं, हे सुचलं कसं? सर म्हणाले, अंघोळ करताना. सुचणं काही सांगून येत नाही.

मी उठले. दप्तरातून वही काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. 'लातूरची शान' वाचली. 'दाणा दाणा सोन्याचा' वाचली. फसलेल्या, लाज वाटाव्या अशा सगळ्या. सर म्हणाले, खाली बस. मी वाचत राहिले. या वेळी कुणी हसलं नाही. एकोणचाळिसावी वाचून वही मिटली.

"सर, ही ओळ सुचली न्हाई. मी काढलीय. अडतीस खोडून."

मालकांनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लिहिलंस चांगलं," ते म्हणाले, "पण आमचं बोलणं सरांशी झालंय." आणि पेढ्याचा डबा सरांपुढं सरकवला. सरांनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या तिघांपैकी कुणी मान वर केली नाही.

होर्डिंग अजून आहे. रोज त्याच्याखालून जाते. कुणाला माहीत नाही, आणि सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. खोलीवर कुणी वाट बघत नाही. त्याचं दुःख होतं, होऊ दे.

नवी वही घेतली आहे. पहिल्या पानावर बापाचा दोरा ताणून रेघ मारली आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. प्रत्येक पानावर लिहिणार आहे. उद्या सकाळी बसस्टँडवर पाच ओळी. परवा पाच. यापुढं ज्याला माझी ओळ पाहिजे, त्यानं आधी ते नाव चारचौघांत मोठ्यानं वाचायचं.