पहिल्या धारेची वाटी
मी पदवीधर झालो तो मामांमुळे; कर्जतच्या शाळेत त्यांनीच मला घातले. मोहाच्या फुलांचा वास आला की एक दुपार आठवते. मी बीए झालो म्हणून मामांनी डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या धारेची दारू आणली आणि दोन वाट्या भरल्या. पहिल्याच घोटाला जिभेला कडू चटका बसला; मी वाटी खाली ठेवली. "अरं, बीए झालास नि येवढी पन सोसंना?" मामा हसले. भरलेली वाटी परत ओतायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. माझीही त्यांनीच संपवली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात बसून ते विचारत होते, "उजाडलं नाय का रं अजून?" दारू विषारी निघाली होती, त्यांची नजर परत आली नाही. नोकरी लागल्यावर मी त्यांना पत्र पाठवले: "वाचून दाखवणाऱ्याने पुढची ओळ दोनदा वाचावी. मामा, ती दुसरी वाटी माझी होती."